अकरा दिवसांवरून जाणारी रेघ

तलावाच्या कचेरीत तिला सगळे नोंदबाई म्हणत. तिच्या खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींतून तलावच दिसायचा. सकाळी दहापर्यंत पाण्यावर धुकं असायचं. पलीकडचा काठ पुसून गेलेला असायचा आणि नावा हवेतच टांगल्यासारख्या वाटायच्या. अशा वेळी खोलीत बसून एकतीस जाडजूड नोंदवह्या संगणकात चढवायचं काम तिने चौदा महिने केलं होतं. रोजची एक ओळ. तारीख आणि त्या दिवशी पहाटे मोजपट्टीवर दिसलेली पाण्याची पातळी, सेंटीमीटरमध्ये. एकूण अकरा हजार तीनशे तेवीस ओळी, आणि सगळ्या एकाच हातच्या. तो हात तिच्या बाबांचा होता.

बाबा एकतीस वर्षं तलावावर मोजणीदार होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, आता मोजायचं काम एक यंत्र करत होतं. पण वह्या उघडल्या की नोंदबाईला ते पायांत गमबूट चढवून, कंदील घेऊन दाराबाहेर पडताना दिसायचे. बाबांनी वहीत आकड्यांपलीकडे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. वारा नाही, थंडी नाही, आज बरं वाटत नाही असंही नाही. घरातही त्यांचं बोलणं साधारण तसंच होतं.

सगळ्या ओळी चढल्यावर तिने त्यांचा आलेख काढला. पडद्यावर निळी, नागमोडी रेघ उमटली. वर्षाला एकदा वर जाणारी, एकदा खाली येणारी. एकतीस श्वास घेऊन थांबलेल्या माणसासारखी ती दिसत होती. साहेबांनी येऊन पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले की गुरुवारी काठावरच्या लोकांची सभा आहे, पाणी किती उंचीपर्यंत ठेवायचं हे ठरवायचं आहे. पण नुसता आलेख दाखवला की लोक जांभया देतात. प्रत्येकाला आपलं साल बघायचं असतं.

"मला एक उभी रेघ हवी," साहेब म्हणाले. "मी सरकवीन तशी सरकणारी. जिथे थांबेल तिथली तारीख आणि पातळी दिसली पाहिजे. जमेल?"

जमेल, असं ती म्हणाली खरी, पण कसं ते तिला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती त्याच्यामागे हात धुऊन लागली. पहिल्यांदा तिने आलेखावर सरळ एक रेघ ओढून पाहिली. ती नुसतीच चिकटून बसली, पाण्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मग कुठेतरी वाचून तिच्या लक्षात आलं की रेघ ओढायची नसते, तीसुद्धा आकड्यांतूनच उगवावी लागते. दोनच ठिपके घ्यायचे. एक आलेखाच्या तळाशी, एक माथ्यावर, आणि दोघांची तारीख एकच ठेवायची. ते जोडले की उभी रेघ तयार. ती तारीख कोपऱ्यातल्या एका चौकटीतून येते, आणि त्या चौकटीतला आकडा आलेखाखालच्या सरकपट्टीला बांधलेला असतो. पट्टी ओढली की आकडा बदलतो, आकडा बदलला की तारीख, आणि तारीख बदलली की दोन्ही ठिपके एकमेकांचा हात धरल्यासारखे पुढे सरकतात.

पहिल्या खेपेला फजितीच झाली. ती चौकट रिकामी राहिली होती, आणि रिकाम्याचा अर्थ संगणकाने शून्य असा घेतला. रेघ उठली ती थेट मागच्या शतकाच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. मधली सगळी वर्षं कोरी. बाबांचा तलाव पडद्याच्या उजव्या कडेला चिरडून एवढासा होऊन बसला होता. नोंदबाई एकटीच हसली. मग तिने आलेखाची दोन्ही टोकं बाबांच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसावर घट्ट बांधली, चौकट भरली, आणि रेघ निमूटपणे जागेवर आली. तिच्या डोक्याशी एक छोटी पाटी लावली: वर तारीख, खाली पातळी.

शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाल्यावर तिने पट्टी पहिल्यांदा मनासारखी ओढली.

रेघ पाण्यावरून चालू लागली. वर्षं मागे जात होती. पाणी चढत होतं, उतरत होतं, पाटीवरचे आकडे लुकलुकत होते आणि तिला वाटलं की आपण काठाने चालतोय, अनवाणी, ओल्या वाळूतून. हे तिच्या शाळेचं पहिलं वर्ष. ही दहावीची परीक्षा. इथे आपल्याला गोवर आला होता. इथे शेजारची मैत्रीण गाव सोडून गेली. बाहेर उन्हात धुकं विरून गेलं होतं, तरी तिच्या डोळ्यांपुढे ते होतंच. पट्टीच्या दोन्ही टोकांना बाण होते. एकदा दाबला की रेघ एकच दिवस सरकायची. ती सातव्या वर्षापाशी थांबली आणि बाण दाबत एकेक दिवस पुढे जाऊ लागली. तेव्हा ती पाच वर्षांची होती.

चारशे बारा. चारशे अकरा. चारशे दहा. चारशे नऊ.

दोन-चार वेळा दाबल्यावर तिचं बोट अडखळलं. चारशे आठ. चारशे सात. तलाव असा कधी वागत नाही. तो एक दिवस तीनने उतरतो, एक दिवस जागचा हलत नाही, वारा असला तर अर्ध्याने फसवतो. चौदा महिने त्याचे आकडे बोटांखालून गेले होते, त्याची चाल तिच्या अंगवळणी पडली होती. आणि इथे तो जिना उतरणाऱ्या माणसासारखा, पायरीला पायरी, एक, एक, एक. सलग अकरा दिवस. बाराव्या दिवशी चारशे, आणि तिथून पुन्हा त्याची नेहमीची लहर सुरू.

नुसत्या आलेखात ते कुणाला दिसलं नसतं. निळ्या रेघेचा एक छोटा, सरळ तुकडा, बस. पण सरकत्या रेघेने त्यावरून चालायला लागलं की पायाला कळत होतं.

तिने त्या वर्षीची वही काढली. अक्षर बाबांचंच. अकराही ओळींची शाई मात्र एकच होती, एका बैठकीत लिहिल्यासारखी. ती वही पिशवीत घालून, संगणक बगलेत मारून ती घरी गेली आणि कुणाला काही बोलली नाही.

रविवारी ती दर आठवड्याप्रमाणे आईबाबांकडे जेवायला गेली. जेवण झालं, आई आत भांडी आवरायला लागली. नोंदबाईने खिडकीपाशी संगणक उघडला आणि माऊस बाबांच्या हातात दिला. बाबांचा हात आताशा थोडा थरथरायचा, म्हणून तिने त्यांना बाण दाखवले. बाबांनी एकदा बाण दाबला. रेघ हलली. त्यांनी पुन्हा दाबला. मग ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि बराच वेळ नुसते पाणी वर-खाली जाताना पाहत राहिले. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी एका ओळीत मांडून ठेवल्यावर माणूस जसा बघेल, तसे.

"हे सगळं मी मोजलं?" त्यांनी विचारलं.

तुम्हीच, असं ती म्हणाली. तिने काही सुचवलं नाही, बोटही दाखवलं नाही. पण बाबा आपणहूनच सातव्या वर्षाकडे निघाले. पट्टी ओढली, पुढे गेली तशी मागे घेतली, आणि नेमके चारशे बारावर थांबले. मग त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"हा दिवस खरा आहे," ते म्हणाले. "इथून पुढचे अकरा खोटे आहेत. मी इथे नव्हतो."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

बाबा सांगू लागले, तेही त्यांच्या वहीसारखंच, सुटं सुटं. त्या दिवशी पहाटे पातळी घेऊन ते घरी आले तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांकडे किल्ली आणि निरोप, की बायको लेकीला घेऊन माहेरी गेली आहे. बाबांनी किल्ली घेतली नाही. गमबूट पायांत तसेच होते, तसेच एसटीत चढले. सासुरवाडीला पोचले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल, एवढं बोलून त्यांनी दार लोटलं. समोर टपाल कचेरी होती, तिच्या बाहेर एक बाक होता. बाबा त्याच्यावर बसले. रात्री एसटी स्टँडवर झोपायचे, दिवस उजाडला की बाकावर. असे अकरा दिवस. परत आले ते तिघं मिळून. मग पातळी घेतली, चारशे भरली. बारा उतरलं होतं, ते त्यांनी सारखं वाटून टाकलं. एका दिवशी एक.

"नोकरी गेली असती," ते म्हणाले. "आणि वहीत भोक पडलेलं मला बघवलं नसतं."

नोंदबाईच्या कानांत त्यापुढचं काही शिरलं नाही. तिला लहानपणापासून एक स्वप्न पडायचं. एक रस्ता, रस्त्यापलीकडे एक बाक, बाकावर बाबा बसलेले. त्यांच्या केसांतून, कपड्यांतून पाणी ठिबकतंय, जणू तलावातून उठून थेट आलेत. ती खिडकीतून हात हलवते, बाबाही हलवतात, आणि घरात कुणीच काही बोलत नाही. किती वेळा पडलं असेल, मोजदाद नव्हती. दर वेळी जागं झाल्यावर तिला बरं वाटायचं, का ते कळायचं नाही. आजोळच्या त्या सुट्टीची तिला वेगळी आठवणही होती: मामाने बांधलेला झोका, भरपूर लाड. ते दोन्ही एकाच खिडकीचे आत-बाहेर होते, हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. या गोष्टीबद्दल ती दोघं छत्तीस वर्षांत एकमेकांशी बोलली नव्हती, हे तिच्या उभं राहण्यातूनच कळत होतं.

"अकरा नव्हे, बारा," आई म्हणाली. "मी गेले तो दिवस तुम्ही धरतच नाही."

"त्या दिवशी पातळी घेतली होती."

"तेच तर म्हणतेय." आईने खुर्ची ओढली. मग ती लेकीशी बोलू लागली, पण ऐकवत होती बाबांना. आदल्या रात्री पोरीला ताप होता, अंग भट्टीसारखं. पहाटे आईने बाबांना सांगितलं, आजचा दिवस राहू द्या, डॉक्टरांकडे जाऊ. बाबा आलोच म्हणाले आणि कंदील घेऊन गेले. "तेव्हा मला वाटलं, उद्या मी त्या पाण्यात बुडाले ना, तरी हा माणूस आधी पातळी लिहील आणि मग ओरडेल. पोरीला खांद्यावर टाकलं, डॉक्टरांकडून औषध घेतलं आणि तशीच एसटीत बसले."

बाबांनी मान खाली घातली. 

"पहिल्या दिवशी बाकावर दिसले तेव्हाच राग निम्मा गेला होता," आई म्हणाली. "पण मला खरंच वाटेना. वाटायचं, उद्या पहाटे उठून जातील. दुसऱ्या दिवशी बघितलं, आहेत. तिसऱ्या दिवशी, आहेत. मी रोज उठून आधी खिडकी गाठायची. खात्री पटायला अकरा दिवस लागले."

पडद्यावर रेघ चारशे बारावर उभी होती. खरं तर त्या दोघांना एकटं सोडून उठावं, असं नोंदबाईला वाटलं, पण ती बसूनच राहिली. शेवटी बाबाच बोलले. ते अकरा आकडे खोडून टाक म्हणाले. तिने आठवण करून दिली की भिंतीवर कचेरीने दिलेलं मानपत्र आहे, त्यात एकही दिवस न चुकवता असं लिहिलंय. बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एक कागद मागितला आणि त्यावर लिहिलं की अमुक ते अमुक तारखांच्या नोंदी मी पाणी न पाहता केल्या आहेत, त्या ग्राह्य धरू नयेत. खाली सही. वहीबाहेर त्यांनी तलावाबद्दल लिहिलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

"एकच खंत आहे," कागद देताना ते म्हणाले. "त्या अकरा दिवसांत तलाव काय करत होता, ते मला कधी कळलं नाही."

सोमवारी तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सभेच्या आलेखाला त्यांनी मथळा दिला होता, एकतीस वर्षांची अखंड नोंद, आणि त्यातला अखंड हा शब्द त्यांना फार आवडला होता. छत्तीस वर्षांपूर्वीचे अकरा आकडे कुणाच्या नजरेला येणार आहेत, असं त्यांनी विचारलं. तिने वाद घातला नाही. रेघ तिथे नेऊन ठेवली आणि माऊस त्यांच्याकडे दिला. साहेबांनी बाण दाबला. एक. एक. एक. सहाव्या दिवशी ते थांबले, चष्मा काढून पुसला, आणि मथळ्यातला अखंड स्वतःच्या हाताने खोडला. ती निघताना त्यांनी एवढंच विचारलं की वडील गुरुवारी सभेला येतील का.

तिने अकरा चौकटी रिकाम्या केल्या. या वेळी मात्र रिकामं म्हणजे शून्य नव्हे, हे तिने संगणकाला नीट समजावलं. निळी रेघ तिथे तुटली आणि पलीकडे पुन्हा सुरू झाली. उभी रेघ त्या फटीत शिरली की पाटीवर आकड्याच्या जागी येत होतं: नोंद नाही.

सभेला दिवाणखान्याएवढ्या खोलीत पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसली होती. मागच्या रांगेत आई आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साहेबांनी पट्टी हातात घेतली आणि लोकांना विचारलं, कुठे नेऊ? मग काय, एकच गलका. कुणाला बाग बुडाली ते साल हवं होतं, कुणाला घाट कोरडा पडला ते. रेघ इकडून तिकडे धावत होती आणि ती आपापल्या दिवसावर आली की लोक गप्प होत होते. नोंदबाईला कोपऱ्यातून त्यांचे चेहरे दिसत होते. जो तो आपल्याच काठावर उभा होता.

फिरता फिरता रेघ त्या फटीत शिरली. हे काय, असं कुणीतरी विचारलं. साहेब उत्तर द्यायच्या आत बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, ते दिवस माझे चुकलेत, मी तलावावर नव्हतो. आणि बसले. खोलीत थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी नावाडीण साहेबांना म्हणाली की तारीख मोठ्याने वाचा. साहेबांनी वाचली.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या थोरल्याचं बारसं चार दिवसांवर होतं. वर डोंगरात ढगफुटी झाली आणि तलाव एका दुपारीत दोन पायऱ्या वर आला. नाव मी चिंचेला बांधली होती. दोन रात्री पाणी तिथेच होतं. मग सांडव्यावरून आपोआप वाहून गेलं, जसं होतं तसं झालं."

बाबा पुन्हा उभे राहिले. दोन पायऱ्या म्हणजे कुठल्या, घाटावरच्या की धक्क्यावरच्या, आणि पाणी शांत होतं की गढूळ, असं सगळं ते विचारू लागले. गढूळ, ती म्हणाली, आणि त्यात फुलं होती, डोंगरातली पिवळी फुलं, सगळा तलाव पिवळा. एवढं तिने त्यांच्याकडे वळून सांगितलं. बाबा ऐकत राहिले. नोंदबाईने त्यांना असं तोंड किंचित उघडं ठेवून ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षांत तलाव एकदाच पिवळा झाला, आणि नेमका तेव्हा हा माणूस बाकावर बसला होता.

आई त्यांच्याकडे झुकून काहीतरी म्हणाली. काय ते नोंदबाईने नंतर घरी जाताना विचारलं, तेव्हा आईने सहज सांगितलं, "तोच पाऊस आमच्याकडेही होता, म्हटलं. बाकावर तुम्ही भिजत होतात. मी छत्री काढून दारापर्यंत आले होते आणि परत फिरले."

सभेत पाणी हातभर खाली ठेवायचं ठरलं. काठावरच्या लोकांना ते पटलं. साहेबांनी नावाडिणीचं म्हणणं लिहून घ्यायला लावलं, आणि नोंदबाईने ते फटीशेजारी बारीक अक्षरांत जोडलं. आकडा मात्र घातला नाही, कारण तो कुणी मोजला नव्हता. पुढच्या महिन्यात साहेबांनी आणखी दोन तलावांच्या वह्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या.

आता रविवारी जेवणं झाली की बाबा संगणक मागतात. भांडी तशीच ठेवून आईही येऊन बसते. ती तारखा सांगते, बाबा बाण दाबत तिथे जातात, आणि पाणी किती होतं ते वाचून दाखवतात. कधी त्यांचं वादावादीवर येतं, कधी नुसतंच हं हं चालतं. खिडकीतून येणारं ऊन हळूहळू पडद्यावर चढतं आणि निळी रेघ फिकट होत जाते.

परवा आईने अगदी सुरुवातीची एक तारीख सांगितली. वह्यांच्या पहिल्याच वर्षातली. बाबांनी पट्टी पार डावीकडे ओढली, मग चार बाण पुढे गेले. तीनशे अठ्ठ्याऐंशी, त्यांनी वाचलं. आई बराच वेळ त्या उभ्या रेघेकडे बघत होती. त्या दिवशी काय झालं होतं, हे ना तिने सांगितलं ना बाबांना आठवत असावं. त्यांच्या कपाळावरून तरी तसंच वाटलं. नोंदबाईने मनात हिशेब केला. लग्नाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, आपला तर पत्ताच नव्हता. हा दिवस त्या दोघांचाच होता, एवढं तिला कळलं.

"उतरलेलं होतं तर पाणी," आई म्हणाली. "मला भरलेलं आठवत होतं." आणि बाबांच्या हातावर हात ठेवून तिने स्वतःच बाण दाबला.